शीतपेटीचं भाडं

गडचांदूरला आजी गेली तेव्हा आत्या पुण्याहून येईपर्यंत शीतपेटी भाड्याने आणली होती. काका रात्रभर जागे, लाईन गेली तर?

हीच धास्ती तिकडेही. १२ जानेवारी १९६७ ला अमेरिकेत प्राध्यापक जेम्स बेडफोर्ड यांचा देह पुन्हा जिवंत होण्याच्या आशेवर गोठवला, जगातला पहिलाच. मागून आणखी काही जण कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थच्या तळघरात ठेवले गेले. नातलगांचे पैसे आटले, द्रव नायट्रोजन भरणं थांबलं, नऊ देह वितळले. १९७९ मध्ये ते उघड झालं. बेडफोर्ड वाचले (मेलेल्याला वाचला म्हणावं का?), कारण घरच्यांनी वर्षानुवर्षं खर्च सोसला. आज स्वस्तातला दर २८,००० डॉलर, तोही अनेक जण विम्यातून भरतात. उणे १९६ अंश कायम टिकवायचे, म्हणजे भाडं कधी संपत नाही.

आमचं दोन दिवसांत संपलं. पेटी परत करताना काकांनी आधी मीटर पाहिलं.