नकाशात ग्रीनलंड भारतापेक्षा मोठं का दिसतं?

शाळेच्या भिंतीवर लावलेला जगाचा नकाशा आठवा. वरच्या टोकाला पसरलेलं ग्रीनलंड जवळपास आफ्रिकेएवढं दिसतं आणि भारत त्याच्यापुढे अगदीच लहान. प्रत्यक्षात भारताचं क्षेत्रफळ सुमारे 32.87 लाख चौरस किलोमीटर, तर ग्रीनलंडचं साधारण 21.66 लाख. म्हणजे भारतच दीडपट मोठा. आफ्रिकेत तर जवळपास 14 ग्रीनलंड मावतील!

हा घोळ भूमितीचा आहे. संत्र्याचं साल न फाडता टेबलावर सपाट करून बघा. जमणार नाही. जर्मन गणितज्ञ कार्ल फ्रेडरिक गाऊस यांच्या 1827 च्या सिद्धांतातून हेच सिद्ध होतं. गोल पृथ्वी कागदावर आणायची तर आकार, क्षेत्रफळ, अंतर यांपैकी कशावर तरी पाणी सोडावंच लागतं.

गेरार्डस मर्केटर यांनी 1569 मध्ये क्षेत्रफळावर पाणी सोडलं. त्यांचा नकाशा खलाशांसाठी होता. होकायंत्रावर एकच दिशा धरून जायचा मार्ग त्यावर सरळ रेषेत दिसतो. पृथ्वीवरची रेखावृत्तं ध्रुवांकडे जाताना जवळ येतात, मर्केटर यांनी ती समांतर ठेवली. त्यामुळे प्रदेश आडवा ताणला गेला. दिशा आणि आकार बिघडू नयेत म्हणून उभाही तितकाच ताणावा लागला. परिणामी 60 अंश अक्षांशावर लांबी दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट दिसतं. युरोप, रशिया, कॅनडा फुगले. विषुववृत्ताजवळचे देश त्यांच्यापुढे किरकोळ वाटू लागले.

समुद्रात हा नकाशा उत्तमच. अडचण झाली तो वर्गात आल्यावर, कारण मुलांना जहाज हाकायचं नव्हतं, जग बघायचं होतं.

1970 च्या दशकात जर्मन इतिहासकार आर्नो पीटर्स यांनी यावर रान उठवलं. त्यांच्या नकाशात क्षेत्रफळ बरोबर आहे, पण आफ्रिका उभी ताणल्यासारखी दिसते. तरीही 2017 मध्ये बोस्टनच्या सरकारी शाळांनी तो वर्गात आणला. 2018 मध्ये ‘इक्वल अर्थ’ हा डोळ्यांना जास्त बरा वाटणारा पर्याय आला. 2025 च्या ऑगस्टमध्ये आफ्रिकन युनियननेही मर्केटरचा नकाशा बदलण्याच्या मोहिमेला पाठिंबा दिला.

मोबाइलमधल्या नकाशांत मात्र मर्केटरचीच पद्धत टिकून आहे. झूम केल्यावर चौकातला काटकोन त्यात काटकोनच राहतो आणि पत्ता शोधताना तेच लागतं. गूगल मॅप्सने 2018 पासून कॉम्प्युटरवर पूर्ण झूम आउट केल्यावर पृथ्वीचा गोल दाखवायला सुरुवात केली. त्या गोलावर ग्रीनलंड आणि भारत शोधून बघा.