पेटीतली पुस्तके आणि कपाटातली पुस्तके

बडोद्याच्या जुन्या मराठी घराण्यांत सयाजीराव महाराजांविषयीचा आदर अद्याप टिकून आहे. मात्र त्यांच्याविषयीचे बोलणे बहुधा लक्ष्मीविलास राजवाडा, न्यायमंदिर आणि आजोबांना मिळालेली शिष्यवृत्ती यांपाशी येऊन थांबते. ग्रंथालयाचा विषय निघालाच, तर मांडवीनजीकच्या मध्यवर्ती ग्रंथालयातील लोखंडी मांडण्या आणि काचेची तळजमीन यांचे कौतुक होते. ही ग्रंथालय-चळवळ मुळात शाळेच्या गरजेतून निर्माण झाली, ही गोष्ट मात्र आपल्या स्मरणातून निसटत चालली आहे. ती येथे थोडक्यात मांडावी, असे आम्हांस वाटते.

महाराजांचा जन्म १८६३ सालचा, नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा. १८७५ मध्ये दत्तक येऊन ते बडोद्याच्या गादीवर बसले, तेव्हा त्यांचे औपचारिक शिक्षण जवळजवळ झालेलेच नव्हते. बाराव्या वर्षी अक्षरांशी झटापट करावी लागलेल्या या माणसाने १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ मध्ये तो सर्व राज्यास लागू केला. मुलांसाठी सात ते बारा व मुलींसाठी सात ते दहा ही वये प्रथम ठरविण्यात आली. पाल्यास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दंड होई. नामदार गोखल्यांनी पुढे मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, त्या वेळी बडोद्याचे उदाहरण त्यांच्यापुढे होते.

परंतु सक्तीने मूल शाळेत येते, ते वाचनाच्या सवयीला लागतेच असे नाही. खेड्यातील मुलगा चार-पाच इयत्ता शिकून शेतावर गेला, की पुन्हा छापील कागद त्याच्या दृष्टीस पडत नसे, आणि थोड्याच वर्षांत तो शिकलेले विसरून जाई. सरकारी तिजोरीतून झालेला खर्च असा मातीत जातो, ही अडचण महाराजांच्या ध्यानी आली होती. १९०६ च्या अमेरिकेच्या प्रवासात तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिल्यावर त्यांना या अडचणीवरचा उपाय दिसला. शाळा अक्षर देते, ते अक्षर जिवंत ठेवण्याचे काम ग्रंथालयाचे. तेव्हा शिक्षणाचा कायदा करणाऱ्या राज्याने ग्रंथालयही दिले पाहिजे, अशी ही सरळ विचारसरणी होती.

त्यासाठी कनेक्टिकट संस्थानातील न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम अॅलन्सन बॉर्डन यांना त्यांनी पाचारण केले. बॉर्डन १९१० मध्ये बडोद्यास आले व १९१३ पर्यंत राहिले. महाराजांचा खासगी ग्रंथसंग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया ठरला. बॉर्डन यांनी बडोद्यासाठी स्वतंत्र वर्गीकरण-पद्धती बसविली आणि १९११ मध्ये ग्रंथपालांचा शिक्षणवर्ग सुरू केला. १९१२ पासून निघालेल्या ‘लायब्ररी मिसेलनी’ या नियतकालिकात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठी विभागही असे. बॉर्डन यांच्यानंतर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी, आणि त्यांच्यामागून न्यूटन मोहन दत्त यांनी या खात्याचा कारभार पाहिला. कुडाळकरांचे ‘द बरोडा लायब्ररी मूव्हमेंट’ हे १९१९ चे पुस्तक या चळवळीच्या अभ्यासकास आजही टाळता येत नाही.

सरकारी खाते निघण्यापूर्वीच चरोतरात मोतीभाई अमीन या शिक्षकाने १९०६ पासून ‘मित्रमंडळ’ वाचनालयांचे जाळे विणण्यास प्रारंभ केला होता, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. म्हणजे वरून आलेल्या योजनेला खाली रुजलेले रोप आयते मिळाले. पुढे मोतीभाई ग्रंथालय खात्यातच आले आणि या दोन प्रवाहांचा संगम झाला.

गावच्या ग्रंथालयासाठी जे सूत्र ठरले, ते आमच्या मते या सर्व व्यवस्थेचे मर्म आहे. गावकऱ्यांनी वर्गणीने जेवढी रक्कम उभी करावी, तेवढीच प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालावी. इमारतीच्या खर्चालाही हाच तिसऱ्या हिश्श्याचा नियम होता. गावाने पैसा जमविला नाही, तर अनुदान नाही. शाळा कायद्याने आली. ग्रंथालय मात्र गावाने मागितल्यावाचून येत नसे. पुष्कळ ठिकाणी शाळामास्तरच ग्रंथपालाचे काम पाही.

ज्या गावाला तेवढेही शक्य नव्हते, तेथे फिरत्या ग्रंथालयाची पेटी जाई. मजबूत लाकडाच्या या पेटीत साधारणतः पंधरा ते तीस पुस्तके असत आणि ती फुकट वाचावयास मिळत. पेटीची मुदत संपली की ती परत येई व दुसरी जाई. मध्यवर्ती ग्रंथालयात बालकांसाठी व स्त्रियांसाठी स्वतंत्र विभाग होते, आणि ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी दृक्‌शिक्षणाची शाखा जादूचा कंदील व चलच्चित्रे घेऊन गावोगाव हिंडे. मुलांच्या हाती द्यावयास देशी भाषांत पुस्तकेच थोडी, हे ओळखून महाराजांनी दोन लाख रुपयांचा निधी वेगळा काढला. त्याच्या व्याजातून ‘श्री सयाजी साहित्यमाला’ व ‘श्री सयाजी बालज्ञानमाला’ चालल्या. आपल्यापैकी कित्येकांच्या माळ्यावर या मालांतील एखादे पिवळे पडलेले पुस्तक अजून सापडेल.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. सक्तीच्या दंडाचा जाच गरीब कुणब्याला अधिक झाला. पेट्या गेल्या त्या सर्वच गावांत उघडल्या गेल्या, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. शिवाय ही सारी व्यवस्था एका राजाच्या आस्थेवर उभी होती. १९३९ मध्ये महाराज निवर्तले, १९४९ मध्ये बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० मध्ये गुजरात वेगळा झाला. खाती बदलली आणि शाळा व ग्रंथालय यांना बांधणारी दोरी सैल पडली.

देशातील इतर शाळांची स्थिती काय होती, ते डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५२-५३ मध्ये स्पष्टपणे लिहून ठेवले आहे. बहुसंख्य शाळांत ग्रंथालय म्हणण्याजोगे काही नाही. पुस्तके जुनी, मुलांच्या आवडीचा विचार न करता घेतलेली, कपाटांत ठेवलेली. आणि त्यांची देखरेख कारकुनाकडे किंवा अनास्थ शिक्षकाकडे, असा त्याचा आशय आहे. पुढे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, तेथे वर्तमानपत्रे, नियतकालिके आणि गोष्टीच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असा दंडक घालण्यात आला. २०१८ पासून समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना इयत्तांनुसार वर्षाला पाच ते वीस हजार रुपयांपर्यंत ग्रंथालय-अनुदानाची तरतूद झाली. दंडक योग्य आहे, आणि रक्कमही अगदीच नगण्य नव्हे.

तथापि आमच्या पाहण्यातील एका शाळेत आम्हांस जे दिसले, ते मुदलियार आयोगाने पाहिले त्याहून फारसे निराळे नव्हते. दोन पोलादी कपाटे होती, नोंदवही सुवाच्य होती, क्रमांक बिनचूक होते. तपासणीच्या दिवशी लागणारे सर्व काही तेथे होते. किल्ली मात्र कार्यालयात होती, आणि देवघेवीच्या वहीत मागील वर्षभराची पाने कोरी होती. कपाटाच्या खालच्या कप्प्यात, कोणा जुन्या शिक्षकाने मागविलेली मराठी बालपुस्तके पाने न कापलेल्या स्थितीत पडून होती. कायद्याची अट पुरी झाली होती. वाचणारे मूल तेवढे तेथे नव्हते.

तपासनीस कपाट मोजू शकतो, पुस्तके मोजू शकतो. वाचन मोजणे त्याला कठीण जाते. बडोद्याच्या जुन्या व्यवस्थेने ही अडचण निराळ्या रीतीने सोडविली होती. ज्या गावाने आपल्या पदरचा तिसरा हिस्सा घातला, ते गाव आपले पुस्तक धूळ खात पडू देईल, हा संभव कमी. सरकारचा मानदंड किमान मर्यादा ठरवितो. त्यापलीकडचे राखणे लोकांकडेच राहते.

आम्हां स्थायिक मराठी मंडळींना हा प्रश्न इतरांहून अधिक जवळचा आहे. बडोदे असो, इंदूर असो वा हैदराबाद, मराठी माध्यमाच्या शाळा ओसरत गेल्या आणि आपली नातवंडे अन्य माध्यमांतून शिकत आहेत. मराठी पुस्तक ठेवण्याची सक्ती कोणताही कायदा तेथील शाळेवर करणार नाही. ते ठेवावयाचे असेल, तर तो हिस्सा आपलाच आहे.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. वाचकांनी आपल्या नातवंडांच्या शाळेत एकदा जावे, मुख्याध्यापकांची अनुमती घ्यावी, आणि मुलांना रुचतील अशा वीस मराठी पुस्तकांची एक पेटी तेथे ठेवावी. सहा महिन्यांनी ती परत आणून दुसरी न्यावी. आणि पेटी देताना एकच अट घालावी, की तिला कुलूप लावू नये.