मोठ्या आतड्याचा कर्करोग : दुर्बिणीची आणि पोट उघडून शस्त्रक्रिया



भारतात १९९० मध्ये डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी मुंबईत पहिल्यांदा पोटावरच्या छोट्या छेदांतून, दुर्बिणीने पित्ताशय काढले. कर्करोगात मात्र गाठीसोबत रक्तवाहिन्यांलगतच्या लसीकाग्रंथीही काढाव्या लागतात. छोट्या छेदातून गाठ ओढताना रोगपेशी सांडतील, ही भीती रास्तच होती. २००४ मध्ये उत्तर अमेरिकेतील ८७२ रुग्णांच्या चाचणीने ती बरीच दूर केली : तीन वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण दुर्बिणीने १६, पोट उघडून १८ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. रुग्णालयातला मुक्काम सहावरून पाच दिवसांवर आला.

दुर्बिणीतही गाठ बाहेर काढायला काही सेंटिमीटरचा छेद लागतोच. आतडे तुंबून पोट फुगले असेल किंवा गाठ शेजारच्या अवयवात घुसली असेल, तर बहुधा पोट उघडणेच श्रेयस्कर.