वाट पाहणाऱ्यांचा इतिहास

‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण आपल्या बोलण्यात इतकी मुरली आहे की, ज्याचे काम अडले आहे तो मनुष्यसुद्धा ती हसत हसत म्हणतो. सातबाऱ्याचा उतारा असो की निवृत्तिवेतनाचा कागद असो, आज ना उद्या तो हाती येणार एवढा भरवसा त्या हसण्यामागे असतो. परंतु काही प्रतीक्षा अशा असतात की, तेथे या म्हणीचा आधार पुरत नाही. सहा महिन्यांची सहा वर्षे होतात, सहांची वीस होतात, आणि अडलेली वस्तू एखादा उतारा नसून ‘आपण कोणत्या देशाचे?’ या प्रश्नाचे उत्तरच असते.

ही गोष्ट आता आपल्याला परकी राहिलेली नाही. आमच्या शहरांतील क्वचितच एखादी गल्ली अशी असेल की, जिच्यातील एखाद्या घरचा मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत नाही. तेथील सरकार दर महिन्याला एक पत्रक काढते. कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जदारांची पाळी आली, हे त्यात छापलेले असते. आईबाप येथे बसून त्या पत्रकाची वाट पाहतात. तारीख चार आठवडे पुढे सरकली की घरात समाधान पसरते. कधी ती मागेच जाते आणि मग फोनवर कोणी फारसे बोलत नाही. अशा वेळी प्रत्येकाला वाटते की, हे दैव आपल्याच वाट्याला आले. कदाचित आपल्याच अर्जात काही उणे राहिले असेल. आज आम्हांला सांगावयाचे आहे ते हे की, या प्रतीक्षेला शंभर वर्षांहून अधिक इतिहास आहे, आणि तो नीट पाहिला तर वाट कशी पाहावी याविषयी त्यातून काही शिकता येते.

अमेरिकेचे स्वातंत्र्य ताजे असताना, 1790 साली, तेथे नागरिकत्वाचा कायदा झाला. परदेशातून आलेल्या ‘स्वतंत्र गोऱ्या’ माणसाला नागरिक होता येईल, असे त्यात म्हटले होते. यादवी युद्धानंतर 1870 साली आफ्रिकी वंशाच्या लोकांना त्यात स्थान मिळाले. आशियातून येणारा मनुष्य मात्र दोन्हींकडे बसेना. मग गोरा म्हणजे कोण, हा प्रश्न न्यायालयांपुढे येऊ लागला. एका गावचा न्यायाधीश हिंदी मनुष्याला नागरिक करी, तर दुसऱ्या गावचा त्याच दाखल्यावर अर्ज फेटाळी. कोणत्या दारावर आपण थाप मारली, यावर सारे अवलंबून असे.

भगतसिंग थिंद हा पंजाबी तरुण 1913 साली अमेरिकेत गेला. पहिल्या महायुद्धात तो अमेरिकेच्या सैन्यात भरती झाला. 1918 च्या डिसेंबरात त्याला नागरिकत्व मिळाले आणि अवघ्या चार दिवसांत ते काढून घेण्यात आले. त्याने पुन्हा अर्ज केला. 1920 साली ऑरेगन राज्यातील न्यायालयाने त्याला पुन्हा नागरिक केले. सरकार वर गेले आणि 19 फेब्रुवारी 1923 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, हिंदी मनुष्य कायद्याच्या अर्थाने गोरा नाही.

या निकालाची मौज पाहण्यासारखी आहे. तीनच महिन्यांपूर्वी त्याच न्यायालयात ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थाचा दावा निघाला होता. आपली कातडी कित्येक युरोपियनांइतकीच उजळ आहे, असे त्याचे म्हणणे. त्याला न्यायमूर्ती सदरलँड यांनी सांगितले की, वर्ण पाहावयाचा नसतो. गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. थिंदने ते शास्त्रच पुढे केले. वंशशास्त्रज्ञ आम्हांला कॉकेशियन म्हणतात, आम्ही उच्चकुलीन आर्य आहोत, असा त्याचा युक्तिवाद होता. तेव्हा त्याच न्यायमूर्तींनी सांगितले की, शास्त्र राहू द्या, सामान्य माणूस कोणाला गोरा म्हणतो ते पाहावयाचे. एकाला शास्त्र दाखवून परतविले, दुसऱ्याला लोकसमज दाखवून.

पण या ठिकाणी आपणही थोडे आपल्याकडे वळून पाहिले पाहिजे. ‘दार सर्वांना उघडा’ असे थिंदच्या बाजूने म्हटले गेले नाही. ‘आम्ही इतर आशियाइयांसारखे नाही, आम्ही तुमच्यातलेच’ असे म्हटले गेले, आणि त्यासाठी जातीचा अभिमान साक्षीला उभा केला गेला. रांगेतील शेजाऱ्याला मागे ढकलून आपण पुढे जाण्याचा तो प्रयत्न होता. तो साधला नाहीच. उलट पुढच्यांचे दारही त्याने लावून घेतले.

निकालानंतर सरकारने मागे दिलेली नागरिकत्वे रद्द करण्याचे दावे लावले. पन्नासाहून अधिक हिंदी लोकांचे नागरिकत्व गेले. कॅलिफोर्नियात ज्याला नागरिक होण्याचा अधिकार नाही त्याला जमीन बाळगता येत नसे. त्यामुळे नागरिकत्वाबरोबर मालमत्ताही पायाखालून गेली.

त्यांत वैष्णोदास बगाई हे एक होते. पेशावरचे हे गृहस्थ 1915 साली पत्नी कलाबाई आणि तीन मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोस उतरले. पैसा बरोबर होता, इंग्रजी उत्तम होते, इंग्रजी राज्यातून सुटून स्वतंत्र देशात मुले वाढवावी ही इच्छा होती. 1921 साली ते नागरिक झाले. दोन वर्षांनी निकाल लागला आणि मिळालेले सारे परत गेले. दुकान विकावे लागले. हिंदुस्थानास भेट देण्यासाठी त्यांनी पारपत्र मागितले, तेव्हा अमेरिकेचे नाही, इंग्रजांचे घ्या, असे त्यांना सांगण्यात आले. ज्या सत्तेची प्रजा राहावयाचे नाही म्हणून घर सोडले, त्याच सत्तेच्या दारात पुन्हा उभे राहण्याची ही पाळी! 1928 च्या मार्च महिन्यात बगाईंनी आपले जीवन संपविले. मागे ठेवलेल्या पत्रांपैकी एक त्यांनी वर्तमानपत्राच्या नावे लिहिले होते; म्हणजे आपले दुःख केवळ आपले घरगुती दुःख नव्हे, हे त्यांना अखेरपर्यंत ठाऊक होते. मात्र ते वाटून घेणारी माणसे त्यांना वेळेवर लाभली नाहीत.

याच वर्षांत दुसरा एक मनुष्य त्याच संकटात होता. त्याचे नाव सखाराम गणेश पंडित. नावाची घडण ऐकताच कान टवकारावेत असे हे नाव. जन्म अहमदाबादचा, 1875 सालचा. 1914 साली ते अमेरिकेचे नागरिक झाले, 1917 साली कॅलिफोर्नियात वकील झाले. थिंदच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले ते हेच पंडित. तो खटला हरल्यावर सरकारने खुद्द वकिलावरच नागरिकत्व रद्द करण्याचा दावा लावला. पंडितांनी या वेळी आर्यांचा वंशवृक्ष पुढे केला नाही. त्यांचे म्हणणे साधे होते : 1914 साली न्यायालयाने सर्व काही पाहूनच निर्णय दिला, सरकारला तेव्हा हरकत घेता आली असती, ती घेतली नाही, त्या निर्णयावर विसंबून आम्ही व्यवसाय उभारला, घर घेतले, विवाह केला, आमचे नागरिकत्व गेले तर आमच्या अमेरिकन पत्नीचेही जाईल. एकदा निकाली निघालेली गोष्ट मनाला येईल तेव्हा उकरून काढता येत नाही. 1926 साली अपील न्यायालयाने हे मान्य केले आणि 1927 साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्ज ऐकण्यास नकार दिला. त्यानंतर सरकारने असले उरलेले दावे सोडून दिले. बगाईंच्या मृत्यूच्या एक वर्ष आधीची ही गोष्ट. ज्यांचे नागरिकत्व आधीच गेले होते त्यांना मात्र ते त्यामुळे परत मिळाले नाही.

या दोन आयुष्यांची तुलना करून एकाला दुबळा आणि दुसऱ्याला धीराचा ठरविणे हा अन्याय होईल. पंडितांपाशी कायद्याचे ज्ञान होते, न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार होता. बगाईंपाशी ते नव्हते. वाट पाहण्याचे बळ हा केवळ स्वभावाचा गुण नाही. ते बळ साधनांनी आणि सोबत्यांनी येते.

थिंदचे पुढे काय झाले? तो अमेरिका सोडून गेला नाही. गावोगाव शीख अध्यात्मावर व्याख्याने देत राहिला. 1935 साली महायुद्धात लढलेल्या आशियाई सैनिकांना नागरिक होऊ देणारा कायदा झाला, आणि 1936 साली न्यूयॉर्क राज्यात त्याला तिसऱ्यांदा नागरिकत्व मिळाले. पहिल्या दाखल्यापासून अठरा वर्षे झाली होती. ते पुन्हा कोणी काढून घेतले नाही.

दिलीपसिंग सौंद यांची प्रतीक्षा याहून लांब. 1920 साली ते शिकावयास गेले, 1924 साली बर्कलेत गणिताचे डॉक्टर झाले आणि कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल खोऱ्यात शेतीत पडले. नागरिक होण्याचा मार्ग नाही म्हणून ते हात जोडून बसले नाहीत. 1942 साली त्यांनी तेथील हिंदी लोकांची संघटना उभारण्यात पुढाकार घेतला आणि तिचे पहिले अध्यक्ष झाले. पूर्वेकडे न्यूयॉर्कला जगजितसिंग हे व्यापारी इंडिया लीगच्या वतीने काँग्रेसच्या सभासदांचे उंबरे झिजवीत होते. 1943 साली चिनी लोकांवरील बंदी उठली होती. आता आमचीही उठवा, अशी मागणी होती. क्लेअर बूथ लूस आणि इमॅन्युएल सेलर या दोन परस्परविरोधी पक्षांच्या सभासदांनी विधेयक पुढे नेले, आणि 2 जुलै 1946 रोजी अध्यक्ष ट्रूमन यांची त्यावर सही झाली. हिंदी मनुष्य अमेरिकेचा नागरिक होऊ शकेल, असे अखेर ठरले. कलाबाई बगाईही पुढे नागरिक झाल्या. बर्कले शहरातील एका रस्त्याला आज त्यांचे नाव आहे.

सौंद 1949 च्या डिसेंबरात नागरिक झाले. 1950 साली ते न्यायाधीशपदावर निवडून आले, तर निवडणुकीच्या वेळी नागरिक होऊन वर्ष पुरे झाले नव्हते म्हणून ते पद नाकारले गेले. त्यांनी 1952 साली पुन्हा निवडणूक लढविली आणि जिंकली. 1956 साली ते अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून गेले. तेथे पोहोचणारे ते पहिले आशियाई.

परंतु 1946 च्या कायद्याने दार उघडताना उंबऱ्यावर एक आकडा ठेवला होता : हिंदुस्थानातून वर्षाला शंभर माणसे. 1965 साली सेलर यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या नव्या कायद्याने हा कोटा गेला आणि आपले डॉक्टर व इंजिनियर मोठ्या संख्येने तेथे जाऊ लागले. पण आकडा मोजण्याची पद्धत गेली नाही. 1990 च्या कायद्याने नोकरीच्या आधारे कायम वास्तव्याचे परवाने, म्हणजे ग्रीन कार्डे, वर्षाला सुमारे 1,40,000 ठरविली, आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारणतः शंभरांत सातांपेक्षा अधिक मिळू नयेत असे बंधन घातले. देश लहान असो की मोठा, वाटा तोच. नागरिकत्वाचा अर्ज साधारणपणे ग्रीन कार्डानंतर पाच वर्षांनी करावयाचा. त्यामुळे पहिली रांगच अडली की पुढचे सारे अडते. 2023 सालच्या एका अंदाजानुसार नोकरीच्या रांगेत कुटुंबीय धरून दहा लाखांहून अधिक भारतीय होते. मुलाला एकवीस वर्षे पूर्ण झाली की आईबापांच्या अर्जातून त्याचे नाव गळण्याचे भय असते. 2002 च्या कायद्याने ते थोडे कमी केले, संपविले नाही.

म्हणून आम्ही म्हणतो की, आजची प्रतीक्षा कचेरीतल्या कारकुनाच्या आळसाने झालेली नाही. निदान मुख्यतः नाही. ती कायद्याने घडविलेली आहे. जे कायद्याने घडते ते अर्जदाराच्या नालायकीमुळे घडत नाही, आणि ते कायद्याने बदलताही येते. एवढे मनाशी पक्के झाले तरी निम्मा भार उतरतो.

उरलेल्या निम्म्यासाठी 2007 सालचा एक प्रसंग सांगतो. त्या वर्षी जुलैच्या पत्रकात नोकरीच्या बहुतेक सर्व वर्गांच्या तारखा एकदम खुल्या झाल्या. हजारो लोकांनी धावपळ करून वैद्यकीय तपासण्या केल्या, कागद जुळविले, वकिलांची फी भरली. 2 जुलैला सरकारने सांगितले की परवाने संपले, अर्ज घेणार नाही. तेव्हा या लोकांनी, ज्यांत भारतीय पुष्कळ होते, त्या खात्याच्या संचालकांना फुलांचे गुच्छ पाठविले. आदल्या वर्षी ‘लगे रहो मुन्नाभाई’ या हिंदी चित्रपटाने जी ‘गांधीगिरी’ घरोघर पोहोचविली होती, तीच ही. फुले इतकी आली की संचालकांनी ती वॉल्टर रीड रुग्णालयातील जखमी सैनिकांकडे पाठविली. कॅलिफोर्नियात सॅन होजेला लोकांनी शांतपणे मोर्चा काढला. वकिलांनी न्यायालयाची तयारी केली. 17 जुलैला सरकारने निर्णय फिरविला आणि महिनाभर अर्ज स्वीकारले. रांग त्यामुळे संपली नाही. पण अर्ज आत गेलेल्यांना नोकरी बदलण्याची आणि पतिपत्नींपैकी दुसऱ्याला काम करण्याची मोकळीक मिळाली; म्हणजे वाट पाहता पाहता जगण्याची सोय झाली.

तात्पर्य काय? वाट पाहणाऱ्याने कागद जपावेत, प्रत्येक पावती आणि प्रत्येक तारीख जपावी. पंडितांना तारले ते तेरा वर्षांपूर्वीच्या एका निकालपत्राने. आयुष्य दाराबाहेर तहकूब ठेवू नये. सौंदांनी एकोणतीस वर्षांच्या प्रतीक्षेत शिक्षण घेतले, शेती केली, संसार केला, संघटना केली. रांगेतल्या पुढच्या-मागच्याशी वैर धरू नये. ती चूक एकदा आपल्या हातून झाली आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे, हे दुःख एकट्याने, लाज वाटल्यासारखे, उराशी धरून बसू नये.

हे शेवटचे सांगणे तिकडच्यांपेक्षा इकडच्यांसाठी अधिक आहे. फोनवर आपण सहज विचारतो, ‘तुमचे अजून झाले नाही का?’ ज्याला विचारतो त्याला तो प्रश्न परीक्षेच्या निकालासारखा लागतो. त्याऐवजी, ‘आज काय केलेस, जेवलास का?’ एवढे विचारावे. तारीख सरकायची तेव्हा सरकेल. तोपर्यंत मनुष्य उभा राहिला पाहिजे, आणि त्याला उभे ठेवणे हे काम कोणत्याही सरकारी कचेरीचे नाही. ते आपले आहे.