मागे सरणे म्हणजे हार मानणे नव्हे : बचावाची रचना, प्रतिहल्ला आणि १९६२ चे सुवर्णपदक

१/ वाशीमच्या दक्षिणेस हिंगोली. १९४८ पर्यंत या दोहोंमध्ये वऱ्हाड आणि हैदराबाद संस्थान यांची सीमा होती. त्या संस्थानाच्या राजधानीतील एका शिक्षकाने भारतीय फुटबॉलला बचावाचे शास्त्र शिकविले. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम.

२/ आरंभ थोडा मागून. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला. तोपर्यंत चेंडू पुढे देताना आघाडीच्या खेळाडूसमोर प्रतिपक्षाचे तीन खेळाडू असणे आवश्यक होते. आता दोन पुरेसे ठरले. गोलांची संख्या एकाएकी वाढली. आर्सेनलचे हर्बर्ट चॅपमन यांनी मधल्या फळीतील मधला खेळाडू मागे खेचून दोन बचावपटूंच्या मध्ये उभा केला. तीन बचावपटूंची ही रचना पुढे जगभर रूढ झाली.

३/ दुर्बळ संघाला तेवढ्याने भागत नव्हते. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल रापान यांनी मधल्या फळीतील खेळाडू आणखी मागे घेतले आणि सर्वांच्या पाठीशी एक मोकळा रक्षक ठेवला. या पद्धतीला ‘अडसर’ असेच नाव पडले. १९३८ च्या विश्वचषकात याच स्विस संघाने जर्मनीला ४-२ असे नमविले.

४/ यामागचा हिशेब साधा आहे. प्रतिपक्ष जितका पुढे येतो, तितकी त्याच्या पाठीमागची जागा मोकळी होते. चेंडू हिसकावताच, त्याची फळी पुन्हा जुळण्यापूर्वी, दोन-तीन पासांत ती जागा गाठणे म्हणजे प्रतिहल्ला.

५/ येथे आपल्याला गनिमी काव्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. पण एक भेद ध्यानात ठेवावा. शत्रू चालून आला की मुलूख मोकळा सोडून निघून जाता येते. गोलखांब मात्र जागचे हलत नाहीत. म्हणून फुटबॉलमधील माघार ही ठरलेल्या जागी, ठरलेल्या अंतराने घ्यावी लागते. रांगेतला एक जण चुकला की सारी रचना कोसळते.

६/ भारताला हा धडा कठोरपणे मिळाला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे हरविले. आपले अनेक खेळाडू अनवाणी होते. त्या संघाचे प्रशिक्षक रहीमच होते.

७/ आश्चर्य असे की, त्याच काळात त्यांचा हैदराबाद पोलीस संघ मुंबईत अजिंक्य होता. १८९१ मध्ये सुरू झालेला रोव्हर्स चषक आरंभीची अनेक दशके ब्रिटिश पलटणींकडेच राहिला होता. तो या संघाने १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा जिंकला. चेंडू पायाशी खेळवत न बसता एका स्पर्शात पुढे देणे, हा रहीम यांचा आग्रह. सरावासाठी ते ड्रिब्लिंगला मनाई असलेले सामने खेळवीत. प्रतिहल्ल्याचा प्राण हाच : चेंडू माणसापेक्षा वेगाने धावतो.

८/ १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मुंबईच्या नेव्हिल डिसोझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत चौथा आला. पण रहीम यांची खरी परीक्षा १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत झाली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ अशी हार. थायलंडविरुद्ध बचावाचा आधारस्तंभ जर्नेल सिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले.

९/ रहीम यांनी जर्नेल यांना चक्क आघाडीला नेले. बचावाची मधली जागा अरुण घोष यांनी सांभाळली. वरकरणी हा जुगार होता. परंतु ज्या बचावात प्रत्येकाला आपली जागा आणि शेजाऱ्याचे काम ठाऊक असते, त्यातून एक खांब काढला तरी छप्पर उभे राहते. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या ३-२ विजयात जर्नेल यांचाही एक गोल होता.

१०/ ४ सप्टेंबर १९६२. अंतिम सामना, समोर पुन्हा दक्षिण कोरिया, भोवती भारताविरुद्ध ओरडणारे प्रचंड प्रेक्षक. १७ व्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी यांचा गोल. २० व्या मिनिटाला मुंबईच्या टाटा संघातून खेळणारे गोव्याचे फोर्तुनातो फ्रँको यांनी फ्री किक घेतली आणि जर्नेल यांनी दुसरा गोल केला. उरलेली ७० मिनिटे ही आघाडी राखायची होती. कोरियाला एकच गोल करता आला, तोही अखेरच्या काही मिनिटांत. भारत २-१ असा विजयी झाला.

११/ ११ जून १९६३ रोजी, जकार्ताला वर्ष होण्याआधीच, रहीम कर्करोगाने गेले. आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्णपदक भारताला पुन्हा मिळालेले नाही. १९७० चे कांस्य हे अखेरचे पदक.

१२/ मागे सरणाऱ्या संघाला आपण सहज भित्रा ठरवितो. पण अनवाणी पायांनी दहा गोल खाल्लेला संघ दहा वर्षांनी आशियात अव्वल ठरला तो निव्वळ आवेशाच्या बळावर नव्हे. कोठे थांबायचे, कोणी कोणाची जागा भरायची आणि कोणत्या क्षणी धावायचे, हे त्याला शिकविणारा एक शिक्षक लाभला होता.