निळ्या काठाचा मग

खराडी १९९७ साली पुणे महापालिकेत आली. माझ्या मनातली खराडी त्याच्या कितीतरी आधीची, आजीच्या तोंडून ऐकलेली. मुळा-मुठेच्या काठाला वांगी-मेथीचे वाफे, आणि वर नगर रस्ता. आमच्या घरी सगळा इतिहास त्या रस्त्यानंच यायचा. एका अंगाला येरवडा नि आगाखान पॅलेस, दुसऱ्या अंगाला वाघोलीवरून कोरेगाव भीमा.

आबा, म्हणजे माझे आजोबा, रात्रीच गाडी जुंपून माळवं घेऊन मंडईला निघायचे. १९४२ च्या ऑगस्टात पॅलेसवर पहारा बसला, काटेरी तारा आल्या. आत गांधीजी आहेत, हे गाडीवानांना सगळ्यांच्या आधी कळलं असणार. तिथून जाताना आबा बैलांच्या गळ्यातले घुंगूर मुठीत धरायचे, असं आजी सांगायची. चालत्या बैलाचे घुंगूर कसे धरत असतील देव जाणे, पण ती दरवेळी तसंच सांगायची. आत नेल्यावर आठवडाही झाला नव्हता, तोच १५ ऑगस्टला गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई गेले. त्यांना तिथंच आवारात अग्नी दिला.

आबा गांधी टोपी घालत. आणि त्यांचे धाकटे भाऊ, आमचे अप्पा, मराठा पलटणीत भरती होऊन इटलीत लढत होते, इंग्रजांच्या बाजूनं. एका आईची ही दोन लेकरं. पत्रं यायची ती मधे मधे काळं फासलेली. शत्रूवर धावून जाताना आम्ही शिवाजी महाराजांच्या नावानं आरोळी ठोकायचो, असं अप्पा पुढं सांगत. राज्य विलायतेच्या राजाचं आणि आरोळी महाराजांची, याचा उलगडा त्यांना विचारला की ते म्हणत, "अरे, मरताना माणूस आपल्याच देवाचं नाव घेतो."

२२ फेब्रुवारी १९४४, महाशिवरात्र. आजीनं रताळी उकडायला ठेवली होती. रस्त्यावरून कुणीतरी सांगत आलं, कस्तुरबा गेल्या. आजी चुलीपाशी बसूनच राहिली, रताळी करपली. "परक्या घरात, कोंडून घातलेली गेली गं बाई," एवढंच म्हणाली. तेलाची टंचाई होती, म्हणून देवापुढं एकच वात लावली. ती कस्तुरबांसाठी का अप्पांच्या जिवासाठी, असं मी लहानपणी विचारायचो. "दोघांसाठी," म्हणायची.

लढाई संपली नि अप्पा परत आले. ट्रंकेत निळ्या काठाचा पांढरा मग, एका बाजूला टवका उडालेला. ज्या बेळगावात कवायत शिकले, ते १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात गेलं. तेव्हा हा बंदूक चालवलेला माणूस पोरासारखा रडला म्हणतात. पण ते पुढचं.

मला सांगायचंय ते त्याआधीचं. गावाबाहेरच्या महार वस्तीतली माणसं दर १ जानेवारीला कोरेगाव भीमाजवळच्या पेरणे गावच्या जयस्तंभाला जायची. १८१८ मध्ये तिथं कंपनीच्या पलटणीनं पेशव्यांच्या फौजेला तोंड दिलं. त्या पलटणीत महार शिपाई होते, आणि १९२७ साली बाबासाहेब स्वतः तिथं येऊन गेले होते. आबांना ते खुपायचं. "इंग्रजाच्या विजयाला कसले हार?" असं त्यांनी वस्तीतल्या एका म्हाताऱ्याला विचारलं. विहिरीवर का खळ्यावर, यात आजीचा नि आबांचा मेळ नव्हता. म्हातारा म्हणाला, "दादा, राज्य गेलं ते तुमचं. आम्हाला त्यात पाणी तरी होतं का? येरवड्यात बत्तीस साली बाबासाहेबांनी सही केली, स्वतंत्र मतदारसंघ सोडले. आम्ही काही मोडायला निघालो नाही." आबांना उत्तर सुचलं नाही. ते हे कुणापासून लपवत नसत, हे मला त्यांचं फार मोठेपण वाटतं. देश म्हणजे सगळे एक, असं आम्हाला शाळेत शिकवलं. कुणाला धरून एक, हा प्रश्न मात्र मला त्या म्हाताऱ्याच्या बोलण्यातून कळला.

पुढच्या १ जानेवारीला अप्पा त्याच म्हाताऱ्याबरोबर पेरण्याला गेले. स्तंभावरची नावं बोट फिरवून वाचली, 'नाक' शेवटी असलेली. परत येऊन आबांना म्हणाले, "दादा, माझ्यासारखीच माणसं. पगारी शिपाई. मला तुम्ही घरात घेतलंत."

म्हातारा ओट्याखाली उभा होता. वस्तीतल्यांसाठी आमच्याकडं वळचणीला वेगळी कपबशी खोचलेली असायची. अप्पांनी तिला हात लावला नाही. गुळाचा चहा आपल्या मगात ओतून त्याला दिला, मग उरलेला त्याच मगातून स्वतः प्यायले.

"मी तो मग तीनदा राखेनं घासला," आजी सांगायची. इथं आल्यावर तिचा आवाज खाली जायचा, आणि हात लुगड्याच्या पदराशी चाळा करत राहायचा.