सिंग, टायगर जीत

सिंग, टायगर जीत : (३ एप्रिल १९४४ – ). पंजाबी वंशाचे कॅनडावासी व्यावसायिक कुस्तीगीर. मूळ नाव जगजितसिंग हंस. लुधियाना जिल्ह्यातील सुजापूर येथे जन्म. तरुण वयात कॅनडात गेले व पुढे ऑन्टॅरिओ प्रांतात स्थायिक झाले. मराठी वाचकांच्या ओळखीचे पंजाबी मल्ल म्हणजे दारासिंग. त्यांची प्रतिमा सज्जन विजेत्याची. जीत सिंग यांनी नेमकी उलटी वाट धरली. फेटा बांधून, हाती तलवार घेऊन त्यांनी परक्या देशात खलनायक उभा केला. १९७० च्या दशकातील जपानी कुस्तीचा इतिहास या खलनायकाला वगळून लिहिता येत नाही.

व्यावसायिक कुस्तीत निकाल बहुधा आधीच ठरलेला असतो. त्यामुळे ‘नुरा कुस्ती’ म्हणून तिची बोळवण होते, ती अन्यायाची आहे. पडण्याचे तंत्र, दमसास, जोडीदाराला जपत मार बसल्याचा भास घडवणे आणि हजारो प्रेक्षकांचा राग अंगावर घेणे, हे सारे रोजच्या मेहनतीने कमवावे लागते. जीत सिंग यांचे मोठेपण याच कसोटीवर ठरते.

शिक्षण व कॅनडातील काळ : न्यूझीलंडमध्ये जन्मलेले, शिस्तीला कडक असलेले फ्रेड ॲटकिन्स हे त्यांचे गुरू. जपानचे कुस्तीगीर जायंट बाबा यांनाही त्यांच्या अमेरिकेतील उमेदवारीत ॲटकिन्स यांनीच तयार केले. म्हणजे बाबा आणि जीत सिंग गुरुबंधू होत. १९६५ मध्ये पदार्पण केल्यावर त्यांनी टोरांटोत गुरूच्याच जोडीने दुहेरी लढती केल्या. १९७१ च्या सुमारास तेथील मेपल लीफ गार्डन्समध्ये ‘द शीक’ (एड फरहात) यांच्याशी त्यांचे वैर गाजले.

ऑस्ट्रेलियातही लढती.

जपान : जपानी कुस्तीगीर अँटोनिओ इनोकी यांनी १९७२ मध्ये ‘न्यू जपान’ ही कुस्ती कंपनी काढली, तेव्हा अमेरिकेतील नामवंत मल्ल प्रतिस्पर्धी जायंट बाबांच्या ‘ऑल जपान’कडे जात. एप्रिल १९७३ पासून न्यू जपानच्या लढती दूरचित्रवाणीवर दिसू लागल्या, पण इनोकींसमोर उभा करायला तोलामोलाचा परदेशी नव्हता. मे महिन्यात कावासाकी येथे जीत सिंग प्रेक्षकांतून उठून रिंगणात शिरले आणि ती अडचण मिटली. तलवार दातांत धरून गर्दीत घुसणे, खुर्च्या उधळणे आणि रिंगणात तलवारीच्या मुठीने प्रहार करणे ही त्यांची ओळख बनली. जपानी प्रेक्षक त्यांना हिंदुस्थानचा पिसाळलेला वाघ म्हणून ओळखू लागले.

५ नोव्हेंबर १९७३ रोजी टोकिओच्या शिंजुकू भागात, इसेतान या मोठ्या दुकानासमोर, पत्नी व अभिनेत्री मित्सुको बाइशो यांच्यासह असलेल्या इनोकींवर जीत सिंग आणि त्यांच्या साथीदारांनी भर रस्त्यात हल्ला केला. प्रकरण पोलिसांपर्यंत गेले आणि कंपनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली. हा हल्ला पूर्वनियोजित होता का, याबाबतची कथने परस्परांशी जुळत नाहीत. परिणामाविषयी मात्र दुमत नाही : इनोकींच्या लढतींना सुडाचे कारण मिळाले आणि प्रेक्षागृहे भरू लागली.

जून १९७४ मध्ये टोकिओच्या कुरामाए सभागृहात जीत सिंग यांनी इनोकींच्या तोंडावर आग फेकली. सहा दिवसांनी, २६ जून रोजी, ओसाका येथे इनोकींनी त्यांचा हात पिळून लढत संपवली. ही लढत ‘हात मोडल्याची लढत’ म्हणून नोंदली गेली. दुखापत नेमकी किती होती यावर एकमत नाही. १३ मार्च १९७५ रोजी हिरोशिमा येथे इनोकींना हरवून त्यांनी एनडब्ल्यूएफ (नॅशनल रेसलिंग फेडरेशन) या संघटनेचे जड वजनगटाचे विजेतेपद मिळवले. २६ जूनला कुरामाए येथे इनोकींनी ते परत घेतले. उमानोसुके उएदा यांच्या जोडीने त्यांनी १९७७ मध्ये दुहेरीचे विजेतेपदही जिंकले. केस सोनेरी रंगवणारा जपानी खलनायक आणि फेट्यातला पंजाबी, ही जोडी प्रेक्षकांच्या विशेष लक्षात राहिली.

१९८१ मध्ये न्यू जपानने प्रतिस्पर्धी ऑल जपानकडील मल्ल अब्दुल्ला द बुचर यांना फोडले. उत्तरादाखल बाबांनी जीत सिंग यांना आपल्याकडे ओढले. गुरुबंधू आता एकाच रिंगणात समोरासमोर आले. ऑल जपानमधील या वर्षांत लढती पुष्कळ झाल्या, पण इनोकींशी असलेल्या वैराची धार त्यांना आली नाही. पुढे ३० सप्टेंबर १९९० रोजी योकोहामा येथे इनोकींच्या कारकिर्दीचा तिसावा वर्धापन सोहळा झाला. त्या दिवशीच्या दुहेरी लढतीत इनोकींच्या बाजूने उभे राहिले ते जीत सिंगच. समोर बिग व्हॅन वेडर व ॲनिमल हामागुची होते. ज्याने आपल्याला सर्वाधिक छळले त्यालाच अशा दिवशी जोडीला घेणे, यातून इनोकींच्या लेखी त्यांचे स्थान कळते. १९९० च्या दशकात अत्सुशी ओनिता यांच्या एफएमडब्ल्यू कंपनीतही ते लढले.

फेटा आणि तलवार ही शिखांची मानचिन्हे. ती भय निर्माण करण्यासाठी वापरली गेली, हा आक्षेप रास्त आहे. पण त्या काळी आशियाई मल्लाला परदेशी रिंगणात मिळणाऱ्या भूमिका मोजक्याच होत्या, आणि जीत सिंग यांनी मिळालेली भूमिका दुय्यम राहू दिली नाही. मुख्य लढत त्यांचीच असे.

उत्तरायुष्य : ऑन्टॅरिओतील मिल्टन येथे वास्तव्य. त्यांच्या नावाने धर्मादाय प्रतिष्ठान असून मिल्टनमधील एका सार्वजनिक शाळेला २०१० मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. पुत्र टायगर अली सिंग हेही व्यावसायिक कुस्तीगीर. १९९७ पासून काही वर्षे अमेरिकेतील डब्ल्यूडब्ल्यूएफ या कुस्ती कंपनीत.